चुलाणावर बाई

गृहविज्ञान शिकणाऱ्या मुलीला या जगात एकच प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला दर वेळी वाटतं की हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. रिहे गावच्या गौतमीला तो बसच्या कंडक्टरने विचारला होता, पिरंगुटच्या झेरॉक्सवाल्याने विचारला होता, मावशीने आणि मावशीच्या जावेने विचारला होता, आणि एकदा तर दाढ काढता काढता दातांच्या डॉक्टरने विचारला होता. "म्हणजे स्वयंपाकच ना?" त्या दिवशी तोंडात चिमटा होता म्हणून डॉक्टर वाचला. बाकी सगळ्यांना गौतमीने उत्तर दिलं होतं.

उत्तर लांब होतं. तिसऱ्या वर्षाला तिचा खास विषय होता संस्था व्यवस्थापन. वसतिगृह, दवाखाना, कारखान्याचं कॅन्टीन अशा ठिकाणी शेकड्याने माणसं जेवतात. त्यांना वेळेवर, गरम आणि पोट न बिघडवणारं जेवण कसं मिळेल, किती माणसं कुठल्या कामाला लावायची, भांडी कुठे आणि पाणी कुठे, कोण कोणाच्या आड येणार नाही, हे सगळं ती शिकत होती. समोरचा माणूस मान डोलावत ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "छान. सासरी उपयोग होईल." मग गौतमीला वाटायचं, आपण भिंतीशी बोललो असतो तर निदान भिंतीने सासर तरी काढलं नसतं.

घरी तर विचारायलाच नको. एखादी चपाती फुगली नाही की आई, इंदूबाई, चिमट्याने ती उलटसुलट करून म्हणायची, "हेच शिकिवत्यात का कालिजात?" आमटीत मीठ जास्त झालं तरी कॉलेज, भात लागला तरी कॉलेज. वडील, ज्यांना ती आण्णा म्हणायची, पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. ते काही बोलायचे नाहीत, पण पाहुणे आले की हटकून सांगायचे, "आमची पोर सैपाकाची सायन्स करती." गौतमी आतल्या खोलीत कपाळाला हात लावायची.

एप्रिलमध्ये कॉलेजात धम्मदीपा मॅडम आल्या. पन्नाशीच्या, केस कापलेल्या, बोलताना हात न हलवणाऱ्या. पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीत तीन कारखान्यांना जेवण पुरवणारं एक मोठं स्वयंपाकघर होतं, त्याच्या त्या प्रमुख. मूळच्या नांदेडच्या, आता भुकूमला राहत होत्या. त्यांनी भाषण असं केलंच नाही. फळ्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला दोन सहायक सुपरवायझर हव्यात. मार्कलिस्ट घरी ठेवा. दोनशेच्या वर माणसांचं जेवण स्वतः उभं राहून कुणी काढलंय?"

कोथरूडला मावशीची मेस सांभाळणाऱ्या जुईलीने हात वर केला, आणि एक जागा तिथल्या तिथे गेली. दुसरी जागा समोर लोंबकळत असलेली गौतमीला स्पष्ट दिसली. हे काम तिला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, तीन वर्षं बसच्या दांड्याला लटकून ती ज्यासाठी शहरात जात होती ते हेच होतं. डोक्याने काही ठरवायच्या आत तिचा हात वर गेला.

"पुढच्या महिन्यात आमच्या रिह्यात बुद्धपौर्णिमेचं जेवण आहे, मॅडम. पाचशे माणूस असतं. ते मी बघणार आहे."

मॅडमनी तारीख लिहून घेतली. "मग मी येते. तू तिथे उभी कशी राहतेस, ते मला बघायचंय."

बस चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागली तेव्हा गौतमीच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. पाचशे माणसांचं जेवण असतं, हे खरं होतं. ते ती बघणार होती, हे तिने कुणालाच विचारलेलं नव्हतं. आणि विचारून उपयोग होईल असं कुणी सांगितलं असतं तर ती स्वतःच हसली असती.

कारण रिह्यातल्या त्यांच्या वस्तीत एक रीत होती. घरची चूल बाईची. तिथे बाप्यामाणूस पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने घेणार नाही. पण विहाराच्या पटांगणात चर खणून चुलाण पेटलं, त्यावर माणूस मावेल अशी भगुनी चढली, की बाईने तिकडे फिरकायचं नाही. मग बाप्ये पॅन्टी दुमडून, डोक्याला टॉवेल गुंडाळून आचारी होतात. बायकांनी एका बाजूला बसून लसूण सोलायचा, तांदूळ निवडायचे आणि सगळी गर्दी जेवून गेल्यावर शेवटच्या पंगतीला बसायचं. हा नियम कुणी केला, कुणालाच माहीत नाही. म्हणजे ज्या स्वयंपाकाचं शिक्षण गौतमीने घेतलं नव्हतं तो तिच्या गळ्यात, आणि ज्याचं घेतलं होतं तिथे तिला मज्जाव.

चुलाणाचा मालक होता गेणबा, तिचा चुलत आजा. गौतमीच्या जन्माच्या आधीपासून वस्तीतलं प्रत्येक मोठं जेवण त्याच्या हाताखाली झालेलं. ती त्याच्याकडे गेली तेव्हा तो अंगणात बाजेवर बसून आंबा चोखत होता.

"आजा, यंदा चुलाणावर मी उभी ऱ्हाते."

"का? गावातलं बाप्ये संपलं का काय?"

"माझ्या नोकरीचं हाय."

"नोकरीचं हाय तर हापिसात जा. धुरात कशाला मरतीस?"

शेजारी मोबाइल बघत बसलेला विकी हसला. विकी तिचा धाकटा चुलतभाऊ आणि मंडळाचा अध्यक्ष. अध्यक्ष असल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीवर तोडगा काढायची सवय लागली होती. "ताई, फोटोपुरतं तुला उभं करतो की. हातात झाऱ्या देतो. मागनं धूर बी झकास येतोय."

गौतमीने फोटो नको म्हणून सांगितलं. मग आठवडाभर ती रोज संध्याकाळी गेणबाच्या अंगणात जाऊन बसली. काठीने मातीत आकृती काढून दाखवली: चर एक नको, दोन खणायचे. वाढप्यांनी एका बाजूने शिरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं. आणि भात एकदम शिजवायचा नाही. आपला तांदूळ इंद्रायणी, चिकट, मोठ्या भगुन्यात तासभर झाकून राहिला की त्याचा गोळा होतो, म्हणून प्रत्येक पंगतीला ताजा लावायचा. गेणबा डोळे मिटून ऐकायचा. तो झोपलाय की विचार करतोय हे कळायला मार्ग नव्हता. आठव्या संध्याकाळी तो म्हणाला, "बगू." गेणबाच्या तोंडून 'बगू' निघणं म्हणजे निम्मी लढाई जिंकणं, असं वस्तीत मानतात. गौतमी त्या रात्री शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला तेव्हा तिचे दोन्ही हात कणकेत होते. तिने कोपराने स्पीकर सुरू केला. "गौतमी, पौर्णिमेला येते मी. मला गाडी चालवता येत नाही, पण सुट्टी आहे, सिद्धांत सोडेल. माझा मुलगा, हिंजवडीला इंजिनिअर आहे. आधी तुमच्या घरी येऊ, मग जेवणाच्या ठिकाणी जाऊ. चालेल ना?"

"चालेल, मॅडम," गौतमी म्हणाली. आणि इथेच माशी शिंकली.

कारण इंदूबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती, आणि तिचं डोकं भलतंच वेगाने चालायला लागलं होतं. आपल्या समाजाची शिकलेली बाई. भुकूमला फ्लॅट. इंजिनिअर पोरगा. सणाच्या दिवशी आपणहून घरी येते, पोराला बरोबर आणते, आणि म्हणे मुलगी काम कसं करते ते बघायचंय. याला नोकरी म्हणतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. नोकरीला माणूस साहेबाच्या दारात जातो. साहेब कधी आपल्या दारात आलाय? इंदूबाईला तर हेही वाटलं की बाई फार हुशार आहे. नोकरीचं निमित्त काढून मुलगी परस्पर पारखते, म्हणजे उद्या नाही म्हणायची वेळ आली तरी कुणाला वाईट वाटायला नको. मागच्या वर्षी एक स्थळ आलं तेव्हा गौतमीने घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणून तिला इंदूबाईने काही सांगितलं नाही. फक्त शेजारणीला सांगितलं, आणि शेजारणीला सांगितलं म्हणजे दवंडी पिटायचे कष्ट वाचले.

त्यानंतर सगळी वस्ती गौतमीशी गोड वागायला लागली. गेणबा म्हणाला, "पोरी, तू म्हनशील तसंच करू." विकी म्हणाला, "ताई, टेन्शनच घेऊ नको." ज्या चुलत्याने तिला कधी काय शिकतेस हेसुद्धा विचारलं नव्हतं, त्याने आंब्याची पाटी आणून दिली. गौतमीला वाटलं, अखेर पटलं यांना. भोळी बिचारी. माणसं एकाएकी गोड झाली की हात धरून विचारावं काय भानगड आहे, हे तिला कुठल्याच वर्षाला शिकवलेलं नव्हतं.

पौर्णिमेला तिला जाग आली तेव्हा उजाडलेलं होतं. पहाटेचा गजर वाजलाच नव्हता. मोबाइल आईच्या उशाखाली बंद होता. खिडकीतून धुराचा वास आला आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी, केस न विंचरता, पटांगणाकडे पळाली.

चर एकच होता. तो विझत आला होता. त्याच्या कडेला तीन अजस्र भगुनी ओल्या फडक्यांनी झाकून ठेवलेली होती. तिने एक फडकं उचललं. भात. सगळ्या पाचशे माणसांचा सगळा भात, सकाळच्या प्रहरी, एकदम. आमटी तयार, भाजी तयार, खीर तयार. आणि आचारी अंघोळी करून, पांढरे सदरे घालून खुर्च्या मांडत होते.

"हे काय केलंत?" तिने विचारलं.

"पाव्हनं यायच्या आत उरकून टाकलं समदं," विकी म्हणाला. त्याने केसांना काहीतरी चोपडलेलं होतं. "म्हंजी बाप्यामान्सं बैठकीला मोकळी."

"कसली बैठक?"

विकीने जीभ चावली. गेणबाने मात्र तिच्याकडे मायेने पाहिलं. त्याने एक खुर्ची ओढली, टॉवेलने पुसली आणि म्हणाला, "हितं बस पोरी. आज तू हात काळं करायचं न्हाईत. आजचा दिस तुझा हाय. पोरगा इंजिनेर हाय म्हनं."

आत्ता कुठे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिला ओरडायचं होतं. पण समोर डझनभर बाप्ये उभे होते, सगळे पहाटेपासून तिच्यासाठी राबलेले, सगळे हसत होते, आणि एकाच्याही मनात वाईट नव्हतं. दुष्टाशी भांडता येतं हो. माया करणाऱ्या माणसांच्या अंगावर कसं जायचं? "आजा, आवो, तसं काय न्हाई..." एवढंच ती म्हणाली, आणि तेही इतकं हळू की गेणबाला ती लाजली असंच वाटलं.

आईशी मात्र ती घरी येऊन कडाकडा भांडली. आईशी भांडायला बळ लागत नाही.

"त्या नोकरीसाठी येतायत, आई! नोकरीसाठी!"

"नोकरीला पोराला संगं घिऊन येत्यात व्हय?"

"त्यांना गाडी येत न्हाई!"

"मंग रिक्षा करायची," इंदूबाई म्हणाली आणि तिने मोरपंखी साडीच्या निऱ्या गौतमीच्या हातात कोंबल्या. "गप नेस. तुज्या भल्याचं हाय. नोकरीचं बी बोल की नंतर त्यांच्यासंगं, कोन नगं म्हनतंय?"

गौतमीने साडी गादीवर फेकली. आईने उचलली. परत फेकली, परत उचलली. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पोरासोरांचा गलका झाला आणि घरात शिरलेल्या दोन काकूंनी मिळून तिला नेसवूनच टाकली. पुढे ती स्वतःला पुष्कळदा विचारणार होती, की त्या वेळी आपण मागच्या दाराने सरळ चुलाणावर का गेलो नाही. दार उघडंच होतं.

मॅडम सतरंजीवर बसल्या होत्या. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजे हार होते. शेजारी सिद्धांत, चष्मा लावलेला, घामाघूम, आणि त्याच्यासमोर आण्णा, गेणबा आणि विकी ओळीने. गौतमी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मॅडमनी आधी तिच्या साडीकडे पाहिलं, मग पोह्यांकडे.

"पगार हातात किती येतोय?" आण्णा सिद्धांतला विचारत होते.

"काका, मी... मी फक्त गाडी चालवायला आलोय."

आण्णा खूश होऊन गेणबाकडे वळले. "इनोदी हाय पोरगं."

"दारू-बिरू?" गेणबाने विचारलं.

"नको, नको, पाणी चालेल," सिद्धांत घाईघाईने म्हणाला.

मॅडमनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. "गौतमी, तू घरी कशी? जेवणाकडे कोण बघतंय?"

"आवो ते बाप्यांचं काम," इंदूबाईने दारातून उत्तर दिलं. "आमची गौतमी घरातलं समदं बघती. एका हाती."

मॅडम इंदूबाईकडे वळल्याच नाहीत. त्या गौतमीकडे बघत राहिल्या, उत्तराची वाट बघत. खोलीतले सगळेच बघत होते. गौतमीने ट्रे खाली ठेवला. आता बोल, असं ती स्वतःला म्हणाली. बोल, की मला घरात कोंडलंय, की हे सगळं खोटं आहे, की हे लोक खुळे आहेत. पण ते खुळे लोक तिचेच होते, आणि खरं बोलणं म्हणजे परक्या बाईसमोर त्यांचं हसं करणं होतं.

"थोडा गैरसमज झालाय, मॅडम," ती म्हणाली. "नंतर सांगते."

"लाजती," इंदूबाई म्हणाली.

पटांगणात बुद्धवंदना झाली आणि पंगती बसल्या. पाहुण्यांना पहिल्या पंगतीचा मान, आणि पाहुण्यांबरोबर गौतमीलाही. वस्तीतली तरुण मुलगी पहिल्या पंगतीला बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भाताचा व्हायचा तोच गोळा झाला होता. वाढपी तो ताटलीने कापून पत्रावळीवर टाकत होते. आत जाणारे आणि बाहेर येणारे एकाच वाटेने चालल्यामुळे आमटीची बादली खिरीच्या बादलीवर आदळली आणि कुणाच्या तरी सदऱ्यावर पिवळा पाट वाहिला. प्रत्येक गोष्ट गौतमीला आधीच माहीत होती आणि प्रत्येक गोष्ट तिला बसल्या जागेवरून, पदर सावरत बघावी लागत होती. तिला रडू येत नव्हतं. तिचा नुसता संताप संताप होत होता.

ती मॅडमच्या कानाशी लागली. "मॅडम, माझा प्लॅन असा नव्हता. भात मी पंगतीपंगतीला लावणार होते. वाढपी तिकडून आत येणार होते. मी यांना सगळं समजावलं होतं..."

"हे मला कशाला सांगतेस?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांनी मानेने चुलाणाकडे खूण केली. "त्यांना सांग."

गौतमी उठली. पंगतीतून वाट काढत गेणबापाशी गेली. "आजा, दुसऱ्या पंगतीला तरी नवा भात लावूया. मी लावते. आत्ता."

"आगं आधी जेव की तू. पानावरनं उठू नये." त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आमी हाय ना."

आणि गौतमी परत येऊन पानावर बसली. मॅडमनी खिरीची वाटी संपवली.

निघताना गाडीपाशी ही गर्दी. मॅडमनी इंदूबाईचे हात हातात घेतले, जेवणाचं कौतुक केलं, गेणबाला वाकून जय भीम केला. इंदूबाईला राहवेना. "मंग? कशी वाटली आमची पोर?"

"मुलगी मला फार आवडली," मॅडम म्हणाल्या. इंदूबाईच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून कुणाचंही मन भरून आलं असतं. मग मॅडमनी गौतमीला गाडीच्या पलीकडे नेलं. सिद्धांत आत बसून एसीची जाळी उगाचच खालीवर करत होता.

"गैरसमज मला घरात पाऊल टाकल्याबरोबर कळला," त्या म्हणाल्या. "त्याचं मला काही नाही. माझ्याकडे चोवीस आचारी आहेत गौतमी, सगळे पुरुष, निम्मे तुझ्या आजोबांच्या वयाचे आणि त्याहून हट्टी. ते सुद्धा तुला पोरी म्हणतील, खुर्ची देतील, बस म्हणतील. तू बसलीस तर दीड हजार माणसं गोळा झालेला भात खातील. आज तू दोनदा बसलीस."

"मला एक संधी द्या, मॅडम. परत असं होणार नाही."

"तुझं सगळं बरोबर होतं. भाताचं, वाटेचं, सगळं. पण ते तू माझ्या कानात सांगितलंस." त्या निघाल्या. दाराला हात लावला आणि पुन्हा वळल्या. "तुझ्या आईने विचारलं ते चुकून विचारलं, पण आता मनात आलंच आहे तर सांगते. सून म्हणून तू मला चालशील. सुपरवायझर म्हणून नाही."

"आई, प्लीज," आतून सिद्धांत म्हणाला.

गाडी धूळ उडवत घोटवड्याच्या रस्त्याला लागली. गौतमी तिथेच उभी. मागे कुणीतरी फटाक्यांची माळ आणायला पोराला पिटाळलं होतं. विकी पेढे वाटत होता. पेढे आधीपासूनच आणून ठेवलेले होते. आण्णांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि डोळे पुसले. ती चालत चालत पटांगणात आली.

तिथे शेवटची पंगत बसली होती. बायकांची. सकाळपासून लसूण सोललेल्या, तांदूळ निवडलेल्या, भांडी घासलेल्या साठसत्तर बाया उन्हात पत्रावळ्या समोर घेऊन बसल्या होत्या आणि भगुन्यांच्या तळाला खरडलेला करपट भात उरला होता. आमटीही संपत आली होती. मागोमाग आलेल्या विकीने त्यावरही तोडगा काढला. त्याने कडेच्या पिंपातून बादलीभर कच्चं पाणी घेतलं आणि आमटीच्या भगुन्यावर धरलं.

"खाली ठेव ती बादली!"

आवाज एवढा मोठा होता की विहारावरची कबुतरं उडाली. विकीने बादली खाली ठेवली. ठेवली कसली, सुटलीच.

"पोटं बिघडवायचीत का बायांची? हो बाजूला! हात लावायचा न्हाई कशाला!" गौतमीने पदर कमरेला खोचला. "ए, तुमी तिघं, ते भगुनं उचला, घासून आणा. आत्ता. तू पाणी चढीव, उकळू दे. पेढं ठेव ते खाली! विकी, तांदूळ धुवायला घे. मला बघतोयस काय, धू! आजा, उठा त्या खुर्चीवरनं. चुलाण विझलंय. लाकडं आणा."

गेणबा, ज्याला जन्मात कुणी ऊठ म्हटलं नव्हतं, तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि लाकडांच्या ढिगाकडे चालायला लागला. बाकीचे बाप्येही हलले. पांढऱ्या सदऱ्यांच्या बाह्या वर गेल्या. गौतमी चराच्या कडेला उभी राहून हाका मारत होती, बोट दाखवत होती, आणि बोट दाखवेल तिकडे माणूस पळत होता. पंगतीतली एक म्हातारी पत्रावळीवरचा करपट भात बाजूला सारून म्हणाली, "बसा गं समद्या. आता ताजा मिळंल."

इंदूबाई धापा टाकत रस्त्याकडून आली. तिने मोरपंखी साडीचा काठ राखेत लोळताना पाहिला, गेणबाच्या खांद्यावरची लाकडं पाहिली, आणि कपाळावर हात मारला. "आगं हळू बोल की! गाडी आजून वळनावर बी गेली नसंल, समदं ऐकू जाईल त्यांस्नी. असली वरडनारी पोर कुनाला पायजे?"

गौतमी भगुन्यात पाणी किती चढलंय ते बघत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"एकीला पायजे हुती, आई," ती म्हणाली. "ती आत्ताच गेली."